दुसरी संधी कुणाला गं?

रडायचं तेवढं रडून घे, पण पुस्तक मिटल्या मिटल्या फोन हातात घेऊ नकोस. आधी तोंड धू, दोन घास खा. रात्री बाराला, डोळे सुजलेले असताना आणि डोक्यात ती लिली नि तो अ‍ॅटलस फिरत असताना जे मेसेज जातात ना, ते सकाळी आपल्याला आपलेच वाटत नाहीत.

काकूने माझ्याकडे चुगली केलेली नाही, उगाच तिच्यावर डाफरू नकोस. तूच परवा रिक्षात म्हणालीस, ‘ताई, त्याचा मेसेज आलाय’, आणि लगेच पळस्पे फाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत विषय बदललास. मीही पुढे विचारलं नाही. रिक्षावाला आपल्याच गावचा, त्याचे दोन्ही कान मागच्या सीटवर होते. पण तुझ्या पिशवीतून एकापाठोपाठ एक जी पुस्तकं निघताहेत, त्यांची मागची कव्हरं मी वाचते बरं का. हरवलेलं प्रेम, दहा वर्षांनी गावी परतलेला तो, अजून तिथेच असलेली ती. नावं वेगळी, गोष्ट तीच. म्हणून म्हटलं, शिरढोणात भर रस्त्यात बोलण्यापेक्षा निवांत लिहूनच सांगावं.

आणि हे आधीच सांगते, मी या पुस्तकांना नाक मुरडणाऱ्यांतली नाही. पनवेल ते सीएसएमटी सव्वा तास लोकलमध्ये काढणाऱ्या बाईला प्रेमकथेची किंमत कुणी शिकवायला नको. वाशीच्या खाडीपुलावर नायक नायिकेची माफी मागत असावा आणि कुर्ल्याची गर्दी चढायच्या आत तिने त्याला माफ केलेलं असावं, यात सुख आहे. ते मी पुष्कळ घेतलंय.

पण या पुस्तकांत एक गंमत असते, ती नीट बघ. तो जेव्हा परत येतो, तेव्हा तो दुरुस्त होऊन आलेला असतो. लेखिकेने तीनशे पानं त्याच्यावर मेहनत घेतलेली असते. का गेला याचं कारण तिने शोधून ठेवलेलं असतं, तेही असं, की वाचणारीच्या पोटात तुटावं. आजारी आई, खोटं बोललेला भाऊ, कधी पोचलंच नाही असं पत्र. दारूची सवय असेल तर ती त्याने मधल्या वर्षांत सोडलेली असते. तिची जुनी ओढणी, फोटो, काहीतरी त्याने जपलेलं असतं. म्हणजे तिने दार उघडावं यासाठी लागणारी सगळी तयारी दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली असते. तुझ्या त्या बेंगळुरूवाल्यासाठी अशी कोण लेखिका बसलीय गं? तीन वर्षांनी ‘कशी आहेस?’ एवढे दोन शब्द. मधली सगळी पानं तू तुझ्या पदरची घालून भरते आहेस.

ज्या पुस्तकाने तू रडलीस त्याचंच बघू. कॉलीन हूवरचं ‘इट एंड्स विथ अस’, 2016 चं. 2024 मध्ये सिनेमा आला तेव्हा तुझ्या सगळ्या मैत्रिणी ‘अ‍ॅटलससारखा कुणीतरी हवा’ म्हणत होत्या. मला विचारशील, तर त्या कादंबरीत दुसरी संधी मागणारा माणूस अ‍ॅटलस नाहीच. ती मागतो रायल, लिलीचा नवरा. हात उगारतो, मग रडतो, माफी मागतो, कारण सांगतो, आणि कारण खरंही असतं. लिली विरघळते, आपणही विरघळतो. पुन्हा तेच होतं. शेवटी मुलगी जन्मते, आणि त्या लहानग्या जिवाला हातात घेतलेल्या रायललाच ती विचारते, की उद्या ही मोठी झाली आणि हिच्या नवऱ्याने हिला मारलं तर तू हिला काय सांगशील? तिथे तो माणूसही रडत म्हणतो, की त्याला सोड म्हणून सांगेन. हूवरने हे स्वतःच्या आईवरून लिहिलंय, तिनेच सांगितलंय. अ‍ॅटलस आणि ती एकत्र येतात ती त्यानंतर, लिलीने आपला निर्णय एकटीने घेऊन झाल्यावर, अगदी शेवटच्या पानांत. तू त्या पानांवर रडलीस की हॉस्पिटलच्या पानांवर, ते मला नको सांगूस, तुझं तू बघ.

आता या सगळ्या पुस्तकांची आजी म्हणावी अशी एक कादंबरी. जेन ऑस्टेनची ‘पर्स्वेशन’. ऑस्टेन 1817 च्या जुलैत गेली आणि हे पुस्तक त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर आलं. अ‍ॅन एलियट एकोणीस वर्षांची असताना वेंटवर्थ नावाच्या एका आरमारी तरुणाशी लग्न ठरवते. त्याच्याकडे ना पैसा ना घराणं. आईच्या जागी असलेली एक बाई तिला समजावते आणि ती लग्न मोडते. आठ वर्षांनी तो कॅप्टन होऊन, गडगंज होऊन येतो. सगळे सांगतात ती गोष्ट एवढीच. पण शेवटाकडे एक लहानसा संवाद आहे, त्यासाठी मी ते पुस्तक पुन्हा पुन्हा काढते. वेंटवर्थ तिला विचारतो, की लग्न मोडल्यावर दोन वर्षांनी माझ्या हाती थोडे पैसे आले, जहाज मिळालं, तेव्हा मी पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? ती म्हणते, म्हणजे काय! आणि मग त्या भल्या माणसाला कळतं, की आठांतली सहा वर्षं तिने घालवलेली नाहीत. ती त्याच्या ताठ्याने गेली. तो हे तिच्यासमोर कबूल करतो. ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणत नाही. त्याचं ते गाजलेलं प्रेमपत्र आहे ना, त्यावर मुली फिदा असतात. मला पत्रापेक्षा हा हिशेब आवडतो. मधल्या वर्षांचा जाब तो स्वतः देतो.

याच्या अगदी उलट टोकाला मार्केझचा फ्लोरेंटिनो अरिझा. ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’, 1985. तो फर्मिनासाठी 51 वर्षं, 9 महिने आणि 4 दिवस थांबला म्हणून लोक हळहळतात. थांबला कसला! मधल्या काळातल्या 622 प्रकरणांची नोंद त्यानेच वह्यांत ठेवलेली आहे. आणि म्हातारपणी, जी शाळकरी मुलगी पालक म्हणून त्याच्या हवाली केली होती, तिच्याशीही. तो फर्मिनाकडे वळतो आणि ती पोर जीव देते. बोटीवरच्या त्या सुंदर शेवटाच्या वेळी मला तीच दिसत राहते. मार्केझ फार मोठा लेखक, त्याने ते लपवलेलं नाही. आपण वाचताना लपवतो.

आपल्याकडे, मराठीत, तो सहसा परत येतच नाही. हे तुझ्या लक्षात आलंय का? मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घे. शिरोडकर निघून जाते आणि जोशीच्या पुढ्यात दहावीचं वर्ष उरतं, बस्स. बोकिलांनी तिला वीस वर्षांनी पनवेलच्या फलाटावर आणून उभी केली नाही, हे त्यांचे उपकार. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त जुन्या प्रेमाच्या नावाने पीत बसलेला तो एम. के. आहे. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये तर घरात राहायला आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव टाकतात, तो दोघांना टाकून नाहीसा होतो आणि त्याचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. कुंडलकरांनी ती विशी-बाविशीच्या सुमारास लिहिली असं म्हणतात, पण त्यातला भाऊ आणि बहीण एकाच माणसाबद्दल इतकं वेगवेगळं सांगतात, की एवढ्या वयात हे कसं सुचलं असं वाटतं. परत भेटण्याची हौस आपल्याकडे भागवली ती सिनेमाने. सतीश राजवाडेंचा ‘ती सध्या काय करते’ 2017 च्या जानेवारीत आला, आणि मला वाटतं त्या वर्षी पनवेल तालुक्यातल्या झाडून सगळ्या दहावीच्या बॅचेसनी गेट-टुगेदर केली असतील. त्या सिनेमाचं नावच बघ. ‘ती’ काय करते, हे ‘तो’ विचारतोय. तिला काय विचारायचं होतं?

तुझी आजी, म्हणजे आमच्या मोठ्या काकू, लायब्ररीतून काकोडकर आणायच्या आणि वर देवाचं पुस्तक ठेवायच्या. ती पिवळट पानांची पुस्तकं साधीसुधी नव्हती बरं. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. हायकोर्टाने पंचवीस रुपये दंड केला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. म्हणजे दिल्लीच्या न्यायमूर्तींनी एका मराठी प्रेमकथेचा कीस काढला. त्या कथेचा नायक कवी, आणि करतो काय, तर आधीच्या प्रेमांच्या आठवणी काढतो. हरवलेलं प्रेम हे काही तुमच्या पिढीने इन्स्टावर शोधलेलं नाही. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर, कुमुदिनी रांगणेकर, या बायकांची पुस्तकं दुपारी भांडी घासून झाल्यावर घरोघर वाचली जायची. समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ते जाऊ दे, तो राग पुन्हा कधीतरी.

मला तुला सांगायचंय ते वेगळंच. आपल्याकडे दुसरी संधी म्हणजे जुना माणूस परत मिळणं, असा अर्थ कधी नव्हताच. दुसरी संधी म्हणजे दुसरं आयुष्य. आणि ती मिळायची पुरुषाला. बायको गेली, तेराव्यानंतर मुली सांगून यायला लागल्या, बिजवर बोहल्यावर चढला. बाईचं काय?

मराठीतली पहिली कादंबरी याच प्रश्नावर आहे, हे किती जणींना माहीत असतं? बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, 1857. विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला 1856 ला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर फिरते, जागोजागी विधवांचे हाल बघते, आणि मग तीच विधवा होते. शेवटी तिचं पुन्हा लग्न होतं. पदमनजी ख्रिस्ती झालेले, त्यामुळे यमुनेलाही त्यांनी ख्रिस्ती करून मगच सुखी केलं, हा त्यांचा हट्ट सोडून दे. पण मराठी कादंबरीने जन्मतःच एका बाईला दुसरा डाव दिला. पुढे 1890 पासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ येऊ लागली. तिच्या नायिकेचंही नाव यमुना. आणि हरिभाऊंच्या यमूला काही म्हणजे काही मिळालं नाही. नवरा गेला, जबरदस्तीने केस गेले, आणि ती झिजून संपली. हरिभाऊ सुधारक होते, तिला वाचवावंसं त्यांना वाटलं नसेल असं नाही. पण सदाशिव पेठेतल्या वाड्यात तेव्हा काय होत होतं ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी खोटा गोड शेवट केला नाही. मला विचारशील तर त्या दोन यमुना पाठोपाठ वाच. शंभर प्रेमकथांनी जे कळणार नाही, ते कळेल.

त्या 1856 च्या कायद्याची मेखही लक्षात ठेव. बाईने दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतला तिचा हक्क संपला. संधी दिली, पण हात रिकामे करून.

आणि हे सगळं पांढरपेशांच्या घरांत चाललेलं. आपल्या पंचक्रोशीत, शेतकरी-कष्टकरी जातींत पाट होताच की. नवरा मेला, किंवा काडीमोड झाली, की बाईचा पाट लागायचा. कादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या घरात नव्हता म्हणून पुस्तकांत आला नाही. फार हुरळून मात्र जाऊ नकोस. पहिलं लग्न वाजतगाजत, आणि पाट रात्रीचा, अंधारात, चार माणसांत. पाटाच्या बाईला दुसऱ्यांच्या लग्नात हळद लावायला पुढे बोलवायचे नाहीत. संसार दिला, मान अर्धाच दिला.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. देवरूखची गोदू जोशी, लहानपणीच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. तिच्या भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे, त्यांची बायको राधाबाई 1891 मध्ये गेली. दुसरं लग्न करीन तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं. 11 मार्च 1893 ला पुण्यात त्यांचं लग्न झालं. नंतर ती दोघं कर्व्यांच्या गावी, मुरूडला गेली तर गावाने वाळीत टाकलं. गोदूची आनंदीबाई झाली, सगळे त्यांना बाया कर्वे म्हणायचे. पुढे त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिलं. ते वाच. कर्वे महर्षी असतील, पण बायाच्या पुस्तकात ते घरच्या माणसासारखे दिसतात, संस्थेपायी घराकडे बघायला वेळ नसलेले, आणि ती कुरकुरते, भांडते, राबते. त्यात चंद्रचांदणं औषधाला नाही. तरी दोन माणसांनी दुसऱ्या डावात एकमेकांना कसं निभावून नेलं, हे त्याहून खरं मी कुठे वाचलेलं नाही.

आणि ऐक, गंमत पुढे आहे. या लग्नातून झालेला मुलगा दिनकर. त्यांच्या पत्नी इरावती कर्वे. आणि त्यांची मुलगी गौरी देशपांडे. ‘एकेक पान गळावया’, ‘तेरुओ’, ‘गोफ’वाली आपली गौरी. प्रेमात पडणाऱ्या, प्रेमातून बाहेर पडणाऱ्या, चाळिशीनंतरही स्वतःला विचारत राहणाऱ्या बायका मराठीत जिने आणल्या, ती बाया कर्व्यांची नात. 1893 मध्ये देवरूखच्या त्या विधवेने ‘लोक काय म्हणतील’ म्हटलं असतं, तर ही पुस्तकंच नसती. गौरीच्या नायिका मला कधी कधी फार हुशार आणि फार सुखवस्तू वाटतात, भाजी महाग झाल्याचं त्यांना कधी कळत नाही. पण त्या दाराकडे डोळे लावून बसत नाहीत. त्यांचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं, त्यात कुणी आला तर आला.

मधल्या काळातल्या विभावरी शिरूरकरही वाच. ‘हिंदोळ्यावर’, 1934. अचलेला नवऱ्याने टाकलेलं, आणि तिचं प्रेम विरागवर. ती घटस्फोट का घेत नाही, असं तू पटकन विचारशील. कारण तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला कायद्याने तो नव्हताच. तो आला 1947 मध्ये, आणि देशभरासाठी 1955 च्या विवाह कायद्याने. परस्परसंमतीने वेगळं होण्याची सोय तर 1976 ची. त्यात अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, तेवढ्यात मन बदललं तर बघा म्हणून. 2017 पासून न्यायालय योग्य वाटलं तर ती मुदत माफ करू शकतं. कायदासुद्धा दुसऱ्या संधीला सहाच महिने देतो बघ. तू तीन वर्षं दिलीस.

खांडेकरांच्या ‘अमृतवेल’बद्दल तू मागे ‘जुनाट’ म्हणालीस. भाषणं आहेत, कबूल. ती पानं खुशाल उलट. पण 1967 च्या त्या पुस्तकातली नंदा बघ. शेखर, ज्याच्याशी तिचं लग्न व्हायचंय, तो विमान अपघातात जातो. हा परत येणारच नाही, म्हणजे मेसेजची वाट बघायचीही सोय नाही. मग ती एका परक्या घरात सोबतीण म्हणून जाते, तिथल्या वसू नि देवदत्तच्या मोडत आलेल्या संसारात गुंतते, देवदत्तकडे ओढलीही जाते. आजकालची लेखिका असती तर तिने नंदाला तिथेच खुर्ची मांडून दिली असती. खांडेकर देत नाहीत. तरी नंदा पुन्हा जगायला लागते. ते हळूहळू होतं, दुसऱ्यांच्या उठाठेवी करता करता. प्रेमभंगातून मी जितक्या जणी सावरताना पाहिल्यात, त्या अशाच सावरल्या. कुणाची बहीण बाळंतीण झाली, कुणाच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, कुणी एमपीएससीला बसली, आणि एक दिवस लक्षात आलं की आज त्याची आठवण दुपारी आली, सकाळी उठल्या उठल्या नाही.

आपल्या गावाचं एक सांगू? फडक्यांच्या वाड्यावरून आपण लहानपणापासून जातो-येतो. पुण्यतिथीला भाषणं ऐकतो. वासुदेव बळवंत, जन्म 4 नोव्हेंबर 1845, शिरढोण, हे पहिलीतलं पोरही सांगेल. 1879 ला बंड, त्याच वर्षी जुलैत पकडले गेले, जन्मठेप, एडन, आणि 17 फेब्रुवारी 1883 ला तिथेच अखेर. पण गोपिकाबाईंचं नाव किती जणींना येतं? त्यांची बायको, दुसरेपणाची. पहिली वारल्यावर केलेली. तिला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, हत्यार धरायलाही शिकवलं म्हणतात. माणूस देशासाठी गेला, त्याच्याशी कुणाची बरोबरी करायची नाही, आणि तुझ्या त्या बेंगळुरूवाल्याची तर मुळीच नाही. पण बाईच्या बाजूने बघ. तरुण बाई, शिकवलेली, नवरा समुद्रापलीकडच्या तुरुंगात. तिचं प्रेम हरवलं हे म्हणायलाही जागा नाही, कारण ते प्रेम आता देशाचं झालेलं. तिला पुढे कुणी विचारलं असेल का, की बाई, तुला काय हवंय? माझ्या वाचनात तरी तिच्या बाजूची कादंबरी आलेली नाही. कुणी लिहिली तर मी पहिली प्रत घेईन. गेलेल्यांच्या गोष्टी फार झाल्या गं, मागे राहिलेलीची कुणीतरी लिहा.

आता तू म्हणशील, ताई, म्हणजे परत आलेल्याला दारातूनच हाकलायचं का? नाही, बायो. एक जोडपं मला माहीत आहे, आपल्याच भागातलं, नावं कशाला. तो बोटीवर नोकरीला गेला आणि दोन वर्षं गायब. परत आला तो थेट तिच्या घरी. तिच्याकडून जाताना चाळीस हजार घेतले होते, कागद-बिगद काही नव्हता. ओटीवर बसला, तिच्या वडिलांसमोर पाकीट ठेवलं, मोजून घ्या म्हणाला, आणि मग का फोन केला नाही ते सांगितलं. कारण काही फार थोर नव्हतं. तिकडे दुसरी एक होती, तेही सांगितलं. तिने लगेच हो म्हटलं नाही. वर्षभर तो येत राहिला, भाताच्या लावणीला उभा राहिला, तिच्या आईला घेऊन दवाखान्याच्या चकरा मारल्या. आज त्यांचा मुलगा चौथीत आहे. त्याच्यावर पुस्तक निघणार नाही. पावसात भिजत माफी मागितली नव्हती त्याने. आधी पैसे परत केले, मग चहा मागितला.

तेव्हा तुझ्यावाल्याला उत्तर द्यायचंच असेल तर दे. मी कोण नाही म्हणणारी. पण ‘कशी आहेस?’ला ‘मजेत, तू?’ असं लिहून त्याची सुटका करू नकोस. तुझे बाबा हॉस्पिटलात होते तो आठवडाभर त्याचा फोन लागत नव्हता, ते त्याला आठवतं का बघ. न विचारता आठवलं तर पुढे बोल. ‘जाऊ दे ना जुनं’ म्हणाला, तर समज, की पानं कोरीच आहेत आणि ती तुलाच भरायची आहेत. त्याच्या येण्याने तुला आनंद झाला, हेही लपवू नकोस, निदान स्वतःपासून. आनंद झाला म्हणजे हो म्हटलंच पाहिजे असं थोडंच आहे? आणि पनवेलच्या त्या बँकेतल्या मुलाचं स्थळ काकू पुढे करतेय, त्यालाही केवळ याच्यावर सूड म्हणून हो म्हणू नकोस. तो बिचारा कुठल्याच कादंबरीत नाही.

भेटायचं ठरलं तर गावात नको. फडक्यांच्या स्मारकाजवळ तर अजिबात नको, तिथे संध्याकाळी अख्खं गाव बसलेलं असतं. पनवेलला भेट, भर दुपारी, चार माणसं असतील अशा ठिकाणी. कर्नाळ्याला फिरायला जाऊ वगैरे म्हणाला तर नाही म्हण, रविवारी हायवेवर मुंगीला शिरायला जागा नसते आणि तुला परतायला रात्र होईल. ‘हिंदोळ्यावर’ माझ्याकडे आहे, पुठ्ठा सुटलाय, जपून ने. आणि त्याच्या लॅपटॉपसाठी तू तुझ्या पहिल्या पगारातून दिलेले ते अठरा हजार, त्यांचं चहा यायच्या आत विचार.